कथेचा शेवट: घटना संपल्यावर किती थांबायचं?

प्रश्न थोडक्यात असा: वेंगुर्ल्याकडच्या गावात घडणारी कथा आहे. एकटी राहणारी म्हातारी आई, मुंबईतले दोन मुलगे आणि विकायला निघालेली हापूसची बाग. खरेदीखत होतं आणि दुसऱ्या दिवशी आई बागेतच प्राण सोडते. वाचणाऱ्यांना सुरुवात आणि मधला भाग आवडतो, पण शेवट मनाला लागत नाही. काही पुस्तकांचे शेवट वर्षानुवर्षं मनातून जात नाहीत ते कशामुळे, आणि तसा शेवट लिहायचा कसा? स्पर्धेची मर्यादा 2500 शब्दांची आहे.

आधी दोन गोष्टी वेगळ्या करा. बाग विकली जाणं ही घटना आहे, आणि ती दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात अंगठा उमटला की संपते. कथा मात्र बागेची नाही, त्या बाईची आहे. तिच्याविषयी वाचकाच्या मनात तुम्ही पहिल्या पानापासून एक प्रश्न उभा केलेला असतो: जिच्या हातात पन्नास वर्षं हीच झाडं होती, ती झाडं गेल्यावर तिचं काय उरेल? हा प्रश्न अंगठ्याने सुटत नाही. घटना संपते ती जागा आणि कथा संपते ती जागा यांत नेहमी थोडं अंतर असतं. ते किती ठेवायचं आणि त्यात काय दाखवायचं, हे ठरवणं म्हणजेच शेवट लिहिणं. शेवटाचं सौंदर्य म्हणतात ते बहुतेक वेळा या अंतरात असतं.

मोठे लेखक ते कसं वापरतात पाहा. टॉलस्टॉयच्या ‘अ‍ॅना कॅरेनिना’चे 8 भाग आहेत. अ‍ॅना सातव्या भागाच्या शेवटी रेल्वेखाली जीव देते. कादंबरी तिथे थांबली असती तर एका दुर्दैवी बाईची गोष्ट झाली असती. टॉलस्टॉय आणखी एक अख्खा भाग लिहितो आणि त्यात कादंबरीतलं दुसरं मुख्य पात्र लेविन जगायचं कसं या प्रश्नाशी झगडतो. अ‍ॅनाचा मृत्यू मागे पडत जातो, जग चालू राहतं, आणि तिचं नसणं वाचकाला जास्त बोचतं.

आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण ‘श्यामची आई’चं. दापोली तालुक्यातल्या पालगडची ही कहाणी साने गुरुजींनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. पुस्तकात 42 रात्री, म्हणजे प्रकरणं, आहेत. आईचं जाणं हा या पुस्तकाचा शेवट, असं आपण सहज म्हणून जातो. प्रत्यक्षात चाळिसावी रात्र ‘शेवटची निरवानिरव’, एकेचाळिसावी ‘भस्ममय मूर्ती’ आणि बेचाळिसावी ‘आईचे स्मृतिश्राद्ध’. श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते, तिची शेवटची भेट त्याला मिळतच नाही. म्हणजे सगळ्यात मोठी घटना नायकाच्या डोळ्यांआड घडते, आणि तिचं ओझं घेऊन तो पुढच्या रात्री सांगत राहतो. ही पानं वाचताना लोक रडतात ती मरणाच्या वर्णनामुळे नाही. श्याम उशिरा पोचला, आणि त्या उशिराला आता काहीच इलाज नाही, हे वाचकाला त्याच्याबरोबर सोसावं लागतं.

कालिदासही घाई करत नाही. ‘अभिज्ञानशाकुंतला’त अंगठी सापडते सहाव्या अंकात. दुष्यंताला सगळं आठवतं, गैरसमज संपतो. भेट मात्र सातव्या अंकात होते, मध्ये वर्षं गेलेली असतात आणि मुलगा सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहण्याएवढा मोठा झालेला असतो. ती गेलेली वर्षं त्या मुलाच्या रूपाने रंगमंचावर उभी असतात, म्हणून पुनर्मीलन गोड असूनही हलकं होत नाही. सुखान्त शेवटाला आपल्याकडे उगाच कमी लेखतात. सुखान्त फसतो तो पात्रांनी त्याची किंमत मोजलेली दिसत नाही तेव्हा.

उलट बाजूचा नमुना इब्सेनच्या ‘अ डॉल्स हाउस’चा. 1879 साली आलेल्या या नाटकात नोरा घर सोडते, खाली दार बंद झाल्याचा आवाज येतो आणि पडदा. इथे अंतर जवळजवळ शून्य आहे, कारण निघण्याआधीच्या दीर्घ संवादात सगळा हिशेब होऊन गेलेला आहे. जर्मनीतल्या प्रयोगासाठी इब्सेनला 1880 साली वेगळा शेवट लिहून द्यावा लागला: नोराला मुलांच्या खोलीच्या दाराशी नेतात आणि ती तिथेच कोसळते, घर सोडत नाही. पात्रं तीच, संवाद जवळपास तेच, फक्त शेवट फिरवला आणि नाटकाचा अर्थच उलटा झाला. इब्सेनने स्वतःच त्या बदलाला रानटी अत्याचार म्हटलं होतं.

शेवटाची ताकद काय घडणार हे लपवून ठेवण्यात असते, असा समज फार पसरलेला आहे. तो कोकणातलं दशावतारी लोकनाट्य बघितलेल्या माणसाने तरी बाळगू नये. मध्यरात्रीच्या सुमारास उभं राहणारं नाटक, आधी गणपती, सरस्वती, संकासुर, मग आख्यान. दैत्य मरणार हे देवळासमोर बसलेल्या लहान मुलालाही माहीत असतं. तरी माणसं पहाटेपर्यंत हलत नाहीत. दैत्य मेल्यावरही सगळं संपत नाही, धयकालो, म्हणजे दहीकाला, व्हायचा असतो. हंडी फुटते, काला वाटला जातो, आणि मगच रात्र पुरी झाल्यासारखी वाटते. लिखित संहिता नसते, त्यामुळे आख्यान किती ताणायचं आणि कधी आवरतं घ्यायचं हे नटांच्या हातात असतं, पण काल्याला कात्री लागत नाही. कीर्तनातही तेच. उत्तररंगातलं आख्यान संपलं की बुवा पूर्वरंगातल्या मूळ अभंगाकडे परततात, मग ‘हेंचि दान देगा देवा’ आणि आरती. श्रावणातल्या कहाण्यांना तर ठरलेली मोहोर आहे: ‘ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.’ या सगळ्या परंपरांनी गोष्ट संपणं आणि ऐकणाऱ्याला गोष्टीतून बाहेर आणणं ही दोन कामं निराळी मानली आहेत. आजच्या कथालेखकाकडे काला नाही, आरती नाही. हे दुसरं काम त्याला शेवटच्या दोन-तीन परिच्छेदांतच करावं लागतं, आणि म्हणून ते अवघड आहे.

आता तुमच्या कथेकडे.

आईचा मृत्यू काढून टाका. मृत्यू वर्ज्य आहे असं नाही. इथे तो तुमची सुटका करतो, ही अडचण आहे. आई मेली की मुलांना तिच्याकडे पुन्हा बघावं लागत नाही, तिला उद्या सकाळी उठून कुठे जायचं हा प्रश्न पडत नाही, आणि वाचकालाही डोळे पुसून पान उलटता येतं. शिवाय खरेदीखताच्या दुसऱ्याच दिवशी मरण म्हणजे लेखकाने तारीख ठरवल्यासारखं दिसतं. ज्या मरणाचं कारण फक्त कथा संपवणं एवढंच आहे, ते वाचक लगेच ओळखतो.

दुसरा मोह असतो मुलाच्या पश्चात्तापाचा. गाडीत बसलेला धाकटा मुलगा मागे वळून बघतो आणि त्याला कळतं की आपण काय गमावलं. ‘त्याला कळलं’, ‘तिला उमगलं’, ‘त्याच्या लक्षात आलं’ अशा क्रियापदांवर कथा संपत असेल तर थांबून तपासा. जे वाचकाला कळायला हवं, ते तुम्ही पात्राकडून वदवून घेताय.

मग काय उरतं? कथेत आधीच पडलेलं काहीतरी. नवं आणायचं नाही. तुमच्या दुसऱ्या पानावर आंबे काढण्याचा प्रसंग आहे. गडी झेला (आंबे उतरवायची काठीची जाळी) घेऊन झाडावर आहे आणि आई खालून ओरडते, ‘देठ ठेव रे मेल्या, आंब्याक चीक लागतलो.’ आंबा देठासकट काढला नाही की चीक सालीवर ओघळतो, डाग पडतो, फळ लवकर कुजतं आणि पेटीचा भाव उतरतो. हे वाक्य तुम्ही वातावरणासाठी घातलंय. माझ्या मते कथेतलं सगळ्यात मोलाचं वाक्य तेच आहे आणि शेवट त्यातच पडून आहे.

कथा पुढच्या हंगामात न्या. घर आईकडे राहिलंय, बाग गेली. गडग्यापलीकडे, म्हणजे दगडी कुंपणापलीकडे, नव्या मालकाची माणसं आंबे उतरवताहेत, तिला अनोळखी असलेली. ती गडग्याशी येते, थोडा वेळ बघते आणि म्हणते, ‘देठ ठेवा हां.’

एवढंच. आता या वाक्यात काय काय बदललंय ते बारकाईने बघा. ‘मेल्या’ गेलं, कारण मेल्या म्हणायला माणूस आपला लागतो. ‘ठेव रे’चं ‘ठेवा’ झालं, म्हणजे हक्क गेला आणि त्या जागी परक्याशी बोलण्याची अदब आली. चीक लागण्याचं कारणही ती सांगत नाही. ते वाचकाने दुसऱ्या पानावर वाचलेलं आहे, तो मनातल्या मनात वाक्य पुरं करतो, आणि जे तो स्वतः पुरं करतो ते त्याचं होतं. शिवाय तिचं उरलंय काय, याचं उत्तरही मिळालं: बाग गेली तरी फळाची काळजी गेली नाही. तीन शब्दांत हे होतं, कारण त्यांच्या मागे सबंध कथा उभी आहे. हेच वाक्य पहिल्या पानावर कुणी वाचलं तर त्यात काहीच नाही.

अशी पुनरावृत्ती बिघडते कुठे? पहिल्यांदा येताना ते वाक्य ठळक केलं, त्याच्यावर स्वतंत्र परिच्छेद केला किंवा मध्ये आणखी दोनदा आणलं, तर वाचकाला सापळा दिसतो. पहिली वेळ घाईच्या, कामाच्या गडबडीत, दुसऱ्याच कशावर लक्ष असताना यायला हवी. मधे निदान निम्मी कथा जायला हवी, आणि परत येताना वाक्य जसंच्या तसं येता कामा नये. थोडा बदल हवाच. परिस्थिती बदलली हे त्या बदलातूनच कळतं.

‘देठ ठेवा हां’नंतर तुम्हाला एक परिच्छेद लिहावासा वाटेल: वारा सुटला, दूर समुद्राची गाज ऐकू येत होती, ती हळूहळू घराकडे वळली. लिहा, आणि कापून टाका. कोकणात घडणाऱ्या कथांना समुद्र फार स्वस्त पडतो. गाज, मावळता सूर्य, धक्क्यावरून सुटणारी होडी, वळणाआड जाणारी एसटी, यांतलं काहीही कुठल्याही कथेच्या शेवटी चिकटवता येतं, म्हणूनच ते तुमच्या कथेचं नसतं. समुद्र शेवटाला हवाच असेल तर तो आधी कथेत काहीतरी करून गेलेला असला पाहिजे.

कापायचं किती, याची एक पद्धत आहे. पूर्ण मसुदा झाल्यावर शेवटचा परिच्छेद कागदाने झाका आणि कथा तिथे संपते असं समजून वाचा. काही तुटलं नाही तर तो काढा. मग त्याच्या आधीचा झाका. कथा खरोखर अर्धवट वाटू लागेपर्यंत मागे जा आणि शेवटचा काढलेला एकच परिच्छेद परत ठेवा. बहुतेक पहिल्या मसुद्यांत असे एक-दोन परिच्छेद सुटून येतात. शेवट सापडण्याआधी लेखक हात गरम करत असतो आणि सापडल्यानंतर खात्री करून घेत असतो. यातला दुसरा भाग हमखास निघतो.

उलट चूकही होते, फार लवकर थांबण्याची. 2500 शब्दांच्या कथेत खरेदीखताचा प्रसंग साधारण 2000 ते 2200च्या दरम्यान संपावा आणि पुढचे 200 ते 400 शब्द गडग्याशी पोचायला मिळावेत. पन्नास शब्दांत पोचलात तर वर्ष गेल्याचं वाचकाच्या अंगावर येत नाही, नुसतं कळतं. मध्ये काय दाखवायचं? पावसाळा, गणपतीला आलेले मुलगे आणि त्यांचं वागणं, पेट्यांचं रिकामं लाकूड खोपीत पडून असणं, यांतलं एक किंवा दोन. तिन्ही घेतलीत तर यादी होते. मी गणपती घेईन. मुलगे येतात, आरत्या होतात, पण बागेचं नाव कुणी काढत नाही. न काढलेलं नाव दाखवायला संवादात एकदा बोलणं तिथपर्यंत येऊन दुसरीकडे वळलं की पुरे.

खुल्या शेवटाबद्दलही लोक विचारतात. खुला म्हणजे अर्धवट नव्हे. चेखॉव्हच्या ‘कुत्रा घेऊन फिरणारी बाई’ या 1899 सालच्या कथेच्या शेवटी दोघांनाही ठाऊक असतं की सुटका अजून फार लांब आहे आणि सगळ्यात अवघड भाग आत्ता कुठे सुरू होतोय. पुढे काय, हे चेखॉव्ह सांगत नाही. पण कथेचा खरा प्रश्न, हे नुसतं सुट्टीतलं प्रकरण आहे की प्रेम, तो पुरता मिटलेला असतो. एक प्रश्न नीट मिटवलात तरच दुसरा उघडा ठेवता येतो. दोन्ही लोंबकळत ठेवले तर वाचकाला लेखकच गोंधळलेला दिसतो.

कलाटणीचे शेवट मला एका अटीवर आवडतात: ज्याच्या नजरेने कथा सांगताय त्याला माहीत असलेली गोष्ट वाचकापासून लपवू नका. बाग आधीच गहाण होती हे आईला माहीत आहे, कथा तिच्याच मनातून चाललीय, आणि ते शेवटच्या ओळीत उघड करताय, तर ती फसवणूक आहे. पुन्हा वाचताना कथा टिकत नाही.

भाषेकडे वळू. मराठी वाक्य क्रियापदावर संपतं, त्यामुळे शेवटचं वाक्य नकळत ‘होता’, ‘होती’, ‘राहिली’ यांवर विसावतं आणि त्या मऊ उताराने सगळा ताण सांडतो. तीन उपाय करून बघा. संवादावर संपवा. किंवा क्रियापद वगळून नामावर संपवा, मात्र हे एकदाच खपतं. किंवा क्रियापद ठेवा पण ठोस कृतीचं ठेवा: ‘उभी होती’पेक्षा ‘गडग्यावरचा दगड सारखा केला’. मोठ्याने वाचा. शेवटच्या पानाची निदान तीन वाचनं आवाजी हवीत, कारण जिथे श्वास आपोआप सुटतो तिथेच बहुधा पूर्णविराम असायला हवा.

मालवणी संवादावर संपवताना एक काळजी घ्या. निवेदन प्रमाण मराठीत आणि फक्त शेवटची ओळ मालवणीत असं झालं तर बोली दागिन्यासारखी घातलेली दिसते. आईचं बोलणं सुरुवातीपासून मालवणीतच हवं, आणि मुलगे तिच्याशी मालवणीत पण आपसात मुंबईच्या मराठीत बोलतात, हा फरक दोन-तीनदा कानावर पडलेला असावा.

कवितेच्या शेवटाबद्दल थोडंच, कारण तो वेगळा विषय आहे. मालगुंडच्या केशवसुतांनी मराठीत सुनीत आणलं. 14 ओळींच्या त्या बांध्यात शेवटच्या ओळींवर इतका भार येतो की कच्चा कवी तिथे सारांश सांगून मोकळा होतो. अभंगाने हा भार ‘तुका म्हणे’ने पेलला आहे. तिथे अनुभव सांगणारा आवाज एकाएकी नाव असलेला माणूस होतो, आणि त्या एका बदलाने ऐकणारा सावरून बसतो. गद्य लिहिणाऱ्यानेही शेवटाजवळ आवाज बदलण्याची ही युक्ती अभ्यासावी.

एक गोष्ट छपाईची आणि मोबाइलची. पुस्तकात उजव्या हाताखालची पानं संपत आल्याचं बोटांना कळत असतं, दिवाळी अंकातही पान संपताना दिसतं. मोबाइलवर वाचणाऱ्याला पुढे किती उरलंय याचा नेमका अंदाज नसतो. त्यामुळे शेवटचं वाक्य खालच्या जाहिरातीत किंवा पुढच्या मजकुरात हरवतं. उपाय साधा आहे: शेवटच्या प्रसंगाआधी एक स्पष्ट मोकळी ओळ सोडा आणि तो प्रसंग लहान परिच्छेदांत ठेवा. छापील अंकाला कथा देताना मुद्रितं (छपाईआधी तपासायची पानं) बघायला मिळाली तर शेवटाखाली विनोदाची चौकट टाकू नका, अशी विनंती जरूर करा. संपादक सहसा ऐकतात.

राहिली शब्दमर्यादा. नवा शेवट धरून तुमची कथा 2500च्या पुढे जाईल. कात्री शेवटाला लावू नका. तिसऱ्या-चौथ्या पानावर थोरल्या मुलाच्या नोकरीचा, कर्जाचा आणि डोंबिवलीच्या फ्लॅटचा जो तपशील आहे, त्यातलं कर्ज ठेवा आणि बाकीचं काढा. बाग का विकावी लागली हे कळायला कर्ज पुरेसं आहे. खरेदीखताच्या प्रसंगातली वकिलाची ओळखही जाऊ द्या. संगणकासमोर आईचा फोटो काढताना ‘आजी, इकडे बघा’ म्हणणारा कारकून तेवढा राहू द्या. नंतर मसुदा दोनेक आठवडे बाजूला ठेवून फक्त पहिलं आणि शेवटचं पान एकापाठोपाठ वाचा. दुसऱ्या पानावरचं देठाचं वाक्य पहिल्या पानावर ओढायचा मोह तेव्हा होईल. ओढू नका, ते आहे तिथेच बरोबर आहे.